क्लासिक मोटरसायकलवर लांबचा पल्ला: वेग कुणी ठरवायचा, तुम्ही की गाडीने?

मोकळावारा

इथे दर थोड्या दिवसांनी एक प्रश्न हमखास येतो. 'माझ्याकडे साडेतीनशे सीसीची गोल दिव्याची गाडी आहे, तिच्यावर दीड-दोन हजार किलोमीटर जाता येईल का?' प्रतिसादही ठरलेले. निम्मे म्हणतात, 'बिनधास्त जा, लोखंडाची गाडी आहे.' उरलेले म्हणतात, 'कशाला हाडं खिळखिळी करून घेताय, टूरर (लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली गाडी) घ्या.' दोन्हींनी माझं समाधान होत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

जाता येतं. गाडी पोचते. तुम्ही कोणत्या अवस्थेत पोचता हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा उजव्या मनगटात असतं.

या गाड्यांना प्रत्येकीचा एक सुखाचा वेग असतो. तो आधी शोधा आणि सगळी आखणी त्याच्यावर करा. नकाशावर बोट ठेवून 'आज इथून इथपर्यंत' असं ठरवायचं आणि मग गाडीला त्या हिशोबात कोंबायचं, ही उलटी गंगा आहे.

हा वेग येतो कुठून? या जातीच्या एक-सिलिंडर इंजिनांची ठेवण लांब स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव लांब. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० बुलेटचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. म्हणजे पिस्टन रुंदीच्या मानाने लांब पळतो. त्यामुळे खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांना) ओढ भरपूर मिळते, पण वर गेलं की त्याची धावपळ होते. ९० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन ४००० आरपीएमला फिरतं तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर असतो, ५००० ला १५. आणि एका सिलिंडरच्या इंजिनातली थरथर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ७५ किलोमीटरला गोड वाटणारी गाडी ९५ ला अचानक वैरी झाल्यासारखी वाटते, त्यात बिघाड काहीच नसतो. आताच्या इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट (थरथर कमी करणारा फिरता दांडा) असतो, त्याने पुष्कळ फरक पडतो. २०२१ पासूनच्या क्लासिक ३५० मध्ये तो आहे, होंडाच्या सीबी३५० मध्येही. पण बॅलन्सरने थरथर मरत नाही, थोडी वरच्या वेगाकडे ढकलली जाते इतकंच. त्या क्लासिकचे आकडेच बघा: २०.२ अश्वशक्ती मिळते ६१०० आरपीएमला, पण २७ न्यूटन मीटरचा टॉर्क (चाक फिरवणारी ओढ) मिळतो ४००० ला. बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की बाबांनो, मजा मधल्या भागात आहे.

शोधायची माझी पद्धत साधी आहे. सपाट, मोकळा रस्ता, टॉपचा गिअर, सामान बांधलेलं. ६० पासून पाच-पाचने वर जा, प्रत्येक वेगाला काही मिनिटं स्थिर राहा. मध्येच आरशात बघा: मागच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येते का? आकडे पसरून पांढरा पट्टा दिसायला लागला की समजा सुखाचा वेग मागे राहिला. बहुतेक ३५० गाड्यांना तो ७५ ते ९० च्या मधे कुठेतरी सापडतो. ६५० च्या जोड-सिलिंडर गाडीला बराच वर.

आता वारा. सरळ बसायची गाडी, समोर काच नाही, म्हणजे छातीचं शीड झालं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला कापायला लागणारी ताकद घनाने. ८० वरून १०० वर गेलात तर फक्त वाऱ्याशी भांडायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. गाडीत आहेत वीसच घोडे. बदल्यात मिळतं काय? ३०० किलोमीटरमागे ४५ मिनिटं, तीही रस्ता अखंड मोकळा असेल तर. ती ४५ मिनिटं संध्याकाळी मान चोळण्यात जातात.

म्हणून मी दिवस किलोमीटरमध्ये मोजत नाही, खोगिरावरच्या तासांत मोजतो. सहा ते सात तास प्रत्यक्ष चालवणं पुष्कळ झालं. दुपदरी रस्त्यावर थांबे धरून ताशी ५० ची सरासरी पडली तरी खूप. म्हणजे ३०० ते ३५०. घाट असेल तर दोनशेसुद्धा चालतात, वाईट वाटून घेऊ नका. आणि दर चार-पाच दिवसांमागे एक दिवस पूर्ण रिकामा. तो 'विश्रांती' म्हणून लिहिलात तर भरून टाकाल, 'पाऊस/पंक्चर/कंटाळा' असं लिहा.

थोडं अवांतर. 'क्लासिक' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक खरोखर जुन्या गाड्या, किक, कार्ब्युरेटर, ड्रम ब्रेकवाल्या. बुलेट हे नाव १९३२ चं, इंग्लंडातल्या रेडिचचं, मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली १९५५ मध्ये. म्हैसूरला आयडियल जावा सुरू झाली १९६१ मध्ये. ट्रायम्फची बॉनेव्हिल १९५९ ची. दुसऱ्या म्हणजे जुन्या अंगरख्यातल्या नव्या गाड्या. बॉनेव्हिल २००१ मध्ये परत आली, पुढे तिला इंधन इंजेक्शन बसवलं तेव्हा थ्रॉटल बॉडीला बाहेरून कार्ब्युरेटरचा आकार दिला! २०१६ पासून इंजिन पाण्याने थंड होतं, तरी सिलिंडरवर पंख आहेतच. मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त आपली गाडी कोणत्या गटातली हे ओळखून तयारी करा, कारण दोन्हींच्या खोडी वेगळ्या.

अनुभवी मंडळींनी भर घालावी. नवख्यांनी मोकळेपणाने विचारावं.

शंकासुर

लेख आवडला, पण पटला नाही. सुखाचा वेग वगैरे ही गाडीच्या कमकुवतपणाला दिलेली गोंडस झूल आहे. टूररवर मी ११० ला बसतो, समोर काच, मागे टेकायला जागा, दिवसाला साडेपाचशे आरामात. दमतही नाही. मग मुद्दाम हळू जाणाऱ्या गाडीवर लांब का जावं?

आणि वेगाचंच म्हणाल तर आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या चालकांच्या संस्थेची सॅडलसोर राइड माहीत असेलच. २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. तुमच्या ३५० किलोमीटरच्या हिशोबाने त्याला साडेचार दिवस लागतील.

मोकळावारा

शंकासुर, भागाकार करा की राव. १६०९ भागिले २४, ताशी ६७. ही सरासरी काढायला कुणी १४० ने जायची गरज नाही. ती राइड पार पाडणारे लोक सांगतात की खेळ पंपावर आणि थांब्यावर किती वेळ जातो याचा आहे. म्हणजे लांबच्या पल्ल्यात टॉप स्पीडपेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा. माझ्याच बाजूचा साक्षीदार आणलात, आभारी आहे :)

बाकी टूररवर कमी दमता हे शंभर टक्के मान्य. ज्याला अंतर कापायचंय त्याने तीच घ्यावी. हा धागा ज्यांच्या दारात क्लासिक उभी आहे त्यांच्यासाठी.

शंकासुर

सरासरी ६७ म्हणजे रात्र धरून, झोप सोडून. पण ठीक, भागाकार बरोबर आहे. वाचतोय.

टॅपेट

+१ धाग्याला. मी गाडीच्या बाजूचं लिहितो. जरा लांबेल.

थरथर म्हटलं की लोक हाताच्या मुंग्यांचा विचार करतात. गाडीलाही मुंग्या येतात, तिचे नट सुटतात. निघण्याआधी सगळे महत्त्वाचे नट-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा, जिथे गरज तिथे निळं लॉकटाइट (नट धरून ठेवणारा गोंद) लावा (लाल नको, रस्त्यात उघडणार नाही), आणि मग घरातली नेलपॉलिश घ्या. नटावरून खालच्या पत्र्यावर अशी एक सरळ रेघ मारा. सायलेन्सरचे माउंटिंग, इंजिनचे बोल्ट, नंबरप्लेट, आरसे, कॅरिअर, मडगार्डचे स्टे (आधाराचे दांडे). रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी. रेघ जुळतेय तर पुढे. रेघ तुटून दोन तुकडे दिसले तर तो नट फिरलाय. पाना हातात न घेता दोन मिनिटांत अख्खी गाडी तपासून होते.

केबली. क्लच आणि ॲक्सिलरेटर. सुटी केबल बॅगेत गुंडाळून नेऊ नका. जुनीच्या शेजारून नवी केबल त्याच वाटेने टाकून झिप टायने बांधून ठेवा, दोन्ही टोकांना प्लास्टिक गुंडाळा म्हणजे पाणी शिरत नाही. तुटली की वरचं-खालचं टोक काढायचं आणि दुसरीचं लावायचं. टाकी काढायची गरजच पडत नाही. अंधारात, पावसात याची किंमत कळते.

ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा क्लॅम्प हँडलला गच्च आवळू नका. जोर लावला तर जागच्या जागी फिरेल इतपतच ठेवा. गाडी स्टँडवरून आडवी झाली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. तरी एक-एक लिव्हर बरोबर असू द्या.

बाकी बरोबर नेतो ते: प्लग आणि प्लगचा पाना, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचा जॉइंट, दोन्ही ट्यूब, पॅच-सोल्युशन, तीन टायर लिव्हर, हातपंप, एम-सील, बारीक तार, इन्सुलेशन टेप. आणि गाडीबरोबर आलेला टूलकिट एकदा घरी वापरून बघा. त्यातल्या पान्याने मागच्या चाकाचा नट सुटतो का? बऱ्याचदा दांडी इतकी आखूड असते की सुटत नाही. हे घरीच कळलेलं बरं.

हेडलाइटला १०० वॉटचा बल्ब टाकणाऱ्यांना दंडवत. एच४ चा मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, वायरिंग आणि रिफ्लेक्टर त्याच हिशोबाचे. उजेड कमी वाटत असेल तर अंधाराआधी थांबा, हा माझा सल्ला.

नवशिका

भारी माहिती. टॅपेट दादा, स्पोकच्या चाकाचं काय? माझ्या गाडीला स्पोक आणि ट्यूब आहे. सगळे म्हणतात अलॉय-ट्यूबलेस करून घे.

टॅपेट

सगळे बरोबरच म्हणतात, पण चित्र पूर्ण सांगत नाहीत. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर चाक न काढता बाहेरून प्लग मारता येतो, हवा हळूहळू जाते, सावरायला वेळ मिळतो. ट्यूबमध्ये हवा झटकन जाऊ शकते, आणि पंक्चर काढायला चाक काढावं लागतं. हा सरळ तोटा आहे. स्पोकची बाजू अशी की खड्ड्यात रिम वाकली तर निदान ठोकून, स्पोक ओढून पुढे जाण्यापुरती सरळ करता येते. अलॉयला तडा गेला की विषय संपला.

बदलायचं नसेल तर पंक्चर घरी एकदा स्वतः काढा, व्हिडिओ बघून समाधान मानू नका. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवा. बोट फिरवू नका, कापड. जिथे अडकेल तिथे खिळा किंवा तार अजून आहे. तो न काढता नवी ट्यूब घातलीत तर नवीही गेली. दोन, व्हॉल्व्हचा बाहेरचा नट रिमला टेकवून आवळू नका, वर व्हॉल्व्हच्या टोपणापाशी ठेवा. टायरमध्ये हवा कमी असेल तर ट्यूब सरकते, तेव्हा व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो. नट आवळलेला असेल तर तिरका न होता मुळाशी फाटतो. तीन, पुढची आणि मागची ट्यूब वेगळ्या मापाची असते. नव्या क्लासिक ३५० ला पुढे १९ इंची चाक आहे, मागे १८. एकच न्यायची वेळ आली तर १९ ची न्या, अडचणीत ती १८ च्या मागच्या चाकात तात्पुरती चालवून नेता येते. उलटं ओढाताणीचं होतं.

मागची_सीट

इतका वेळ वाचतेय. सगळी चर्चा पुढे बसणाऱ्याची. मागे माणूस बसतो हे कुणाच्या लक्षात आहे का?

क्लासिक गाडीची मागची सीट ही बहुतेकदा फोटोत छान दिसावी म्हणून केलेली असते. छोटी, गोल, आणि किंचित मागे उतरती. ब्रेक लागला की मी पुढे, ॲक्सिलरेटर दिला की मी मागे. पकडायला काय, तर सीटखालचा तो दांडा, ज्याला धरलं की बोटं सामानाच्या पट्ट्यांत अडकतात. तर नवऱ्यांनो, मित्रांनो, भावांनो, निघण्याआधी हे करा.

लांब सपाट सीट बसवून घ्या. दिसायला थोडी कमी देखणी असेल, असू दे. मागे कॅरिअरवरची बॅग अशी बांधा की पाठ टेकता येईल, पण बॅग माझ्या कमरेत घुसणार नाही. मागच्या टायरची हवा दोघांच्या हिशोबाने भरा, गाडीवरच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचांनी वाढवा. नाहीतर मागची बाजू बसते, हेडलाइट आकाशाकडे बघतो आणि समोरचे आपल्याला शिव्या देतात.

पायाची पट्टी तपासा. सायलेन्सर जवळ असतो, पोटरी भाजते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे.

खुणा ठरवा. आमच्यात डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे 'सावकाश', दोन म्हणजे 'थांब', आणि सलग थापा म्हणजे 'आत्ताच्या आत्ता थांब, कारण विचारू नकोस'. इंटरकॉम आहे आमच्याकडे, बॅटरी संपते. खांदा संपत नाही.

आणि थांबायचं कधी हे मागच्याने ठरवायचं. पुढच्याला हँडल असतं, रस्ता असतो, करायला काम असतं. मागच्याला फक्त हेल्मेटची पाठ दिसते. तो आधी दमतो. पाऊण-एक तासाला पाच मिनिटं उतरलं की संध्याकाळपर्यंत निभतं. 'आता वीसच किलोमीटर राहिले' हे वाक्य बंद करा.

मोकळावारा

ताई, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. 'वीसच किलोमीटर' वाचून घरात मोठ्याने हसणं ऐकू आलं, माझ्याकडे कोपऱ्यातून बघितलं जातंय.

चिमणी

मागची_सीट +१००. मी एकटी चालवते, शरीराचं थोडं लिहिते.

सरळ बसायच्या गाडीवर सगळं वजन माकडहाडावर येतं. पाय पुढे असल्यामुळे खड्डा पायांवर झेलता येत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने फूटरेस्टवर उभं राहायचं, रस्ता सरळ आणि रिकामा असेल तेव्हा, अर्धा मिनिट. सायकलवाल्यांची पॅडची चड्डी आतून घाला, लाजू नका. मागच्या खिशातलं पाकीट काढून टाका. इतकुशी गोष्ट, पण त्याने कंबर एका बाजूला तिरकी राहते आणि चार तासांनी पायात कळ जाते.

हँडल हलकं धरा. गच्च धरलं तर थरथर जास्त वर चढते. हातांना मुंग्या आल्या की बघा, बहुतेक वेळा आपण नकळत मुठी वळलेल्या असतात.

कान! काच नसलेल्या गाडीवर वाऱ्याचा आवाज इंजिनापेक्षा जास्त असतो. फोमचे इअरप्लग घालून बघा. हॉर्न ऐकू येतो, फक्त घोंघाट कमी होतो. संध्याकाळी डोकं जड होण्याचं निम्मं कारण तो घोंघाट असतो.

नवशिका

चिमणी ताई, एक बावळट शंका. क्लासिक गाडीवर ओपन फेस हेल्मेटच शोभतं ना? लांबच्या प्रवासाला चालेल का?

चिमणी

शोभतं. दोनशे किलोमीटरनंतर डोळ्यात किडा जातो, ओठ फुटतात, पावसाचे थेंब ८० च्या वेगाने गालावर आपटतात. आणि पडताना माणूस हनुवटीवरही पडतो, तिथे ओपन फेसमध्ये काही नसतं. फुल फेसच्याही जुन्या वळणाच्या, गोल हेल्मेट मिळतात. फोटो चांगले येतात, काळजी नको.

शंकासुर

इथे मी चिमणीच्या बाजूने. धागा बिघडत चाललाय, माझं सगळ्यांशी पटायला लागलंय.

दोनठोके काका

तुम्ही सगळे चार-स्ट्रोकवाले. आम्हा जुन्या, दोन-स्ट्रोकच्या जावा-येझदीवाल्यांसाठी दोन शब्द. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, पण गाड्या अजून पळतायत आणि लांबही जातात. मात्र एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

या गाडीत वंगण पेट्रोलमधूनच येतं. टाकीत पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मिसळायचं, ते जळता जळता पिस्टनला, बेअरिंगला ओलं ठेवतं. आता लांबलचक घाट उतरताय. चार-स्ट्रोकवाल्याच्या सवयीने तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून खालच्या गिअरवर गाडी रोखत उतरता. इंजिन जोरात फिरतंय, पण आत पेट्रोल जात नाही. म्हणजे ऑइलही जात नाही! पाच-दहा मिनिटं असं उतरलात तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जाम. वळणावर.

म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर थोडा उघडायचा, इंजिनाला घोट पाजायचा. आणि उतारभर दोन बोटं क्लचवर. इंजिन एकदम जड झाल्यासारखं वाटलं, आवाज बदलला, की विचार न करता क्लच दाबायचा. बाजूला घेऊन पूर्ण थंड होऊ द्यायची. बऱ्याचदा परत चालू होते, पण मग उरलेला प्रवास हळू.

घाट उतरताना ब्रेकवर जास्त भार येणार हे ओघाने आलंच. ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. सतत चोळत राहण्यापेक्षा ठाम दाबा, सोडा, गार होऊ द्या.

वंगण

काकांना साष्टांग. 'घोट पाजायचा' हे आवडलं.

नावाला जागून मी चेन आणि ऑइलवर. चेनला ऑइल सकाळी निघताना टाकतात, ते चुकीच्या वेळी. संध्याकाळी थांबल्यावर टाका. चेन गरम असते, ऑइल कड्यांच्या आत उतरतं, रात्रभर बसतं. सकाळी टाकलेलं निम्मं रिमवर आणि नंबरप्लेटवर उडतं. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं.

ताण तपासताना चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एका जागी घट्ट असते. त्या घट्ट जागी मॅन्युअलमधला ढिलेपणा मिळाला पाहिजे. सामान आणि माणूस चढवल्यावर चेन आणखी ताणली जाते, म्हणून फार घट्ट चेन ही सैल चेनपेक्षा जास्त नुकसान करते. बेअरिंग खाते.

इंजिन ऑइल रोज सकाळी, गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून बघा. साइड स्टँडवर बघितलंत तर आकडा खोटा. हवेवर थंड होणारी इंजिनं सलग ताणली की थोडं ऑइल पितात, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण बघायला हवं. वाहतुकीत अडकलात की इंजिन बंद करा. पंखा नाही, पाणी नाही, वारा हाच कूलंट. उभ्या गाडीला वारा कुठला.

नवशिका

अजून एक विचारतो आणि गप्प बसतो. उंच डोंगरात जायचंय, पाच हजार मीटरच्या आसपास. गाडी चढेल का? कार्ब्युरेटरवाली आहे.

टॅपेट

चढेल, रडत. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचितच जास्त असतो. इंजिनाला ऑक्सिजन तितकाच कमी, ताकदही साधारण त्याच मापाने कमी. वीस घोड्यांतले अकरा-बारा उरतात असं धरा. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळजवळ खालच्याच हिशोबाने सोडत राहतो. मिश्रण श्रीमंत होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काळा, आयडलिंगला गाडी बंद पडते. बरेच दिवस वर राहणार असाल तर छोटा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) बसवतात. एक-दोन खिंडी ओलांडायच्या असतील तर आयडल थोडं वाढवा, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, एक जास्तीचा प्लग ठेवा आणि गिअर खालचा. छोटा जेट बसवलात तर खाली उतरल्यावर मूळचा परत बसवायला विसरू नका. खालच्या दाट हवेत छोटा जेट म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापतं, पिस्टनला भोक पडू शकतं.

इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर दाब मोजून पेट्रोल कमी करतो, त्यामुळे धूर आणि बंद पडणं होत नाही. पण हवाच कमी, त्याला तोही काय करणार. ताकद तिचीही जाते.

आणि माणसालाही हाच नियम. दोन रात्री मधल्या उंचीवर काढा, मग वर जा. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली तर आणखी चढू नका. वाढत गेलं तर खाली उतरा, गाडी तिथेच ठेवावी लागली तरी.

शंकासुर

टाकी किती लिटरची लागते अशा प्रवासाला? हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे, टोमणा नाही.

मोकळावारा

तुमच्या प्रश्नात टोमणा नाही म्हणजे मीच सावध झालो :) क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. लिटरला ३५ धरलं तर कागदावर साडेचारशे होतात. सामान, उलटा वारा आणि चढ धरून मी ३०० ला भरतो. वस्ती विरळ असेल तर अडीचशेलाच. इथे हळू जाणारी गाडी जिंकते बरं का, तोच ८० आणि १०० चा हिशोब टाकीलाही लागू.

सामानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून उरकतो. जड वस्तू खाली आणि पुढे, शक्यतो दोन्ही चाकांच्या मधे. मागच्या चाकाच्या अक्षामागे जड पेटी टांगली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डुलायला लागतं. बाजूच्या पिशव्यांना स्टे लावाच, नाहीतर एक दिवस पिशवी सायलेन्सरवर टेकते आणि संध्याकाळी अर्धे कपडे वितळलेले असतात. लवचीक दोऱ्यांपेक्षा बकलच्या पट्ट्या बऱ्या. आणि पट्टीचं सुटं टोक लोंबू देऊ नका, चेनमध्ये गेलं की चाक धरतं.

मागची_सीट

सामान अर्धं करा. मग उरलेल्याचं परत अर्धं. हे मी सांगतेय, ज्या प्रजातीवर जास्त सामान नेण्याचा आरोप होतो त्यातली. टूलकिट मात्र टॅपेट भाऊंचा पूर्ण.

चिमणी

ग्रुपबद्दल एकच. प्रत्येकाचा सुखाचा वेग वेगळा असतो, म्हणून सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवा. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, पंप आणि औषधं त्याच्याकडे. 'शेपटीला शेपटी' चालवू नका. ८० ला सेकंदाला २२ मीटर जातो आपण, पुढच्याने ब्रेक मारला हे कळेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं. फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही.

दोनठोके काका

एकटं जाण्यातही मजा आहे हो. एल्सपेथ बिअर्ड ही लंडनची मुलगी १९८२ मध्ये १९७४ च्या बीएमडब्ल्यू आर६०/६ वर निघाली आणि जगाला चक्कर मारून १९८४ मध्ये परतली. ती गाडी तेव्हाही नवी नव्हती. मोबाइल नाही, जीपीएस नाही. आणि इंजिन स्वतः उघडायची. तुम्ही निदान प्लग काढायला शिका.

नवशिका

शिकलो काका, आज सकाळीच. पाना गाडीबरोबरचाच होता. मागच्या चाकाचा नट मात्र टॅपेट दादा म्हणाले तसा त्यातल्या पान्याने हलला नाही, वेगळा लांब दांडीचा घेतोय.

शेवटची शंका (खरंच शेवटची): टाकीवर चुंबकाची बॅग लावली तर रंग जातो का?

वंगण

चुंबकाने जात नाही, त्याच्याखाली अडकलेल्या धुळीने जातो. दिवसभराच्या थरथरीत ती धूळ पॉलिश पेपरचं काम करते. बॅग लावण्याआधी टाकी ओल्या कापडाने पुसून कोरडी करा, मधे मऊ पातळ फडकं किंवा पारदर्शक फिल्म लावा. पेट्रोल भरायला बॅग काढाल तेव्हा ती जमिनीवर ठेवू नका, चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि तोच पुढे टाकीवर घासतो. सीटवर ठेवा. आणि आधी तुमची टाकी पोलादी आहे का ते बघा, ॲल्युमिनियमची असेल तर बॅग चिकटणारच नाही.

नवशिका

चिकटली. घासून बघितली, सरकत नाहीये. फिल्म आणतो उद्या.